उत्तराची शक्यता: नगण्य

‘धन्यवाद! तुमचा संदेश आमच्यापर्यंत पोहोचला आहे.’

ही हिरवी ओळ ऋजुतानं सकाळपासून इतक्यांदा वाचली होती की आता ती नुसती दिसली तरी तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. पोहोचलाय? कुठं पोहोचलाय? कुणाला? आपण फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, पडद्यावर ही गोड ओळ उमटायची, आणि टेबलाच्या पलीकडे आप्पा टॅबवर मेल उघडून बसलेले, तिथं मात्र शुकशुकाट.

“आला का?”

“नाही.”

“स्पॅममध्ये बघा.”

“बघितलं की. तिथंपण काही नाही. ऋजू, तुझी वेबसाइट बिघडलीय.”

“माझी वेबसाइट बिघडलेली नाही, आप्पा! किती वेळा सांगू? मेल इथून निघतोय. तुमच्याकडे पोहोचत नाहीये.”

“तेच की मग. बिघडलीय.”

ऋजुतानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. पुण्यात ती लोकांच्या बिघडलेल्या गोष्टी दुरुस्त करण्याचा पगार घ्यायची. इथं सांगलीत बापासमोर बसून ती फुकटात बोलणी खात होती.

वेबसाइट तिनंच बनवली होती, आप्पांच्या रक्तमंडळासाठी. तिचे आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, यांचं रक्त बॉम्बे ब्लड ग्रुपचं. दहा हजारांत एखाद्याचं असतं. साध्या तपासणीत ते ‘ओ’ म्हणून खपून जातं, पण त्या माणसाला खरोखर ‘ओ’ रक्त चढवलं तर त्याचं शरीर ते परकं समजून फोडून टाकतं. त्याला चालतं फक्त आपल्यासारख्याच दुसऱ्याचं रक्त, आणि तो दुसरा कुठल्या गावात काय करतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. आप्पांना हे कळलं ते स्कूटरच्या अपघातानंतर, दवाखान्याच्या खाटेवर. तेव्हा नाशिकहून एका अनोळखी माणसानं फोन करून सांगितलं होतं, ‘निघालोय. धीर सोडू नका.’ रक्त येईपर्यंत आपण त्या आवाजावर जगलो, असं आप्पा आजही सांगतात. बरे झाल्यावर त्यांनी महाराष्ट्रभरातली अशी माणसं हुडकून एकत्र केली. सुरुवातीला साइटवर त्यांचा फोन नंबर होता. मग रक्ताचे दलाल मागं लागले, खोटी नावं सांगून दात्यांचे पत्ते काढू लागले. म्हणून नंबर काढला आणि फक्त संपर्क फॉर्म ठेवला. गरजवंतानं फॉर्म भरायचा, त्याचा मेल आप्पांना यायचा. आत यायला एवढं एकच दार, आणि ते कधीपासून बंद होतं कुणास ठाऊक! मेल येत नाहीत म्हणजे सध्या कुणी अडलेलं नाही, अशा समाधानात आप्पा बिनघोर होते.

मग काल डॉक्टर पल्लवी होनराव यांचा फोन आला. त्या सोलापूरच्या एका रक्तपेढीत होत्या आणि आप्पांना चांगलं ओळखायच्या.

“मगदूम, तुम्ही लोकांना विचारायचं सोडलंय का हो?”

“म्हणजे?”

“अक्कलकोटकडची एक बाई आहे. दिवस भरत आलेत, सिझर करावं लागणार आणि रक्त तुमच्या गटाचं. नमुना आमच्याकडे आला होता, तेव्हा त्यांना चिठ्ठीतून तुमच्या साइटचं नाव कळवलं होतं. परवा नवरा आमच्या काउंटरवर येऊन आरडाओरडा करून गेला म्हणे. दोनदा लिहिलं, पण कुत्रंसुद्धा विचारत नाही, असं म्हणाला.”

आप्पा खुर्चीवरून उठलेच. “नाव काय त्याचं? नंबर द्या, आत्ता फोन करतो.”

“मी तेव्हा जागेवर नव्हते. आणि नमुन्यावर हल्ली नुसता आकडा असतो, नाव नसतं. कायदाच झालाय तसा. नमुना जिथं घेतला त्या कलेक्शन सेंटरला मी मेल टाकलाय, पण त्यांचंही उत्तर नाही.”

सोलापूर जिल्ह्यात कुठंतरी एक बाई रक्तावाचून ऑपरेशन टेबलावर जाणार होती, आणि तिचा ठावठिकाणा होता तो फक्त त्या न आलेल्या मेलमध्ये. आप्पांनी लेकीला पुण्याहून तातडीनं बोलावून घेतलं ते यासाठी.

ऋजुतानं एकेक गोष्ट तपासली होती. फॉर्ममधला आप्पांचा पत्ता बरोबर होता. मेल पाठवणारा सर्व्हर धडधाकट होता. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या खुणा जिथल्या तिथं होत्या. नोंदीत प्रत्येक मेलपुढं ‘स्वीकारला’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे आप्पांच्या मेलकंपनीनं मेल हातात घेतला होता आणि पुढं त्याचं काय केलं ते तिचं तिलाच माहीत. साइटवर मजकुराची प्रत ठेवली असती तर काम भागलं असतं. पण आजारपणाची माहिती साठवू नये असा नियम होता, आणि तो काटेकोर पाळणारी शहाणी दुसरी कुणी नसून ऋजुताच होती. तिला स्वतःचाच संताप आला.

तिनं मेलकंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. तिथं माणूस नव्हताच. एक मधाळ आवाज होता.

“तुमची अडचण मी समजू शकते,” आवाज म्हणाला.

“मग सोडव की!” ऋजुता किंचाळली.

“तक्रार नोंदवण्यासाठी कृपया आमच्या वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म भरा. उत्तर तुम्हाला मेलवर मिळेल.”

ऋजुतानं फोन टेबलावर आपटला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“काय म्हणाली?” आप्पांनी विचारलं.

“फॉर्म भरा म्हणाली. मेल येईल म्हणाली.”

आप्पा खो खो हसले, आणि आपण हसलो याचंच वाईट वाटून लगेच गप्प झाले. “त्या बाईचं काय होईल गं?” ते म्हणाले.

यंत्रानं माणसाबद्दल काही ठरवलं तर त्याचं कारण दाखवलंच पाहिजे, असा एक कायदा मध्यंतरी झाला होता. कंपन्यांनी तो पाळला होता, म्हणजे कारण दाखवणारं बटण सेटिंगच्या पार तळघरात नेऊन पुरलं होतं. दुपारच्या जेवणाची ताटं तशीच झाकून ठेवून ऋजुता ते शोधत बसली, आणि अखेर ते तिला सापडलं. तिनं ते दाबलं. टॅबवर चार ओळी उमटल्या.

‘प्रेषक: संपर्क फॉर्म. मागील वर्तन: संदेश उघडले, वाचले, एकालाही उत्तर दिले नाही. उत्तराची शक्यता: नगण्य. निर्णय: थांबवले.’

“हात्तिच्या!” ऋजुता म्हणाली. “उत्तरवेध!”

“कोण?”

मग तिनं आप्पांना समजावून सांगितलं. गेल्या काही वर्षांत जगातले बहुतेक मेल यंत्रंच लिहू लागली होती. जाहिराती, गळ घालणारी पत्रं, खोट्या आजारपणाच्या कहाण्या, सगळं यंत्राच्या हातचं. जुन्या चाळण्या मेलचा मजकूर तपासून खरंखोटं ठरवायच्या. पण यंत्राचा मजकूर माणसाच्या मजकुराहून सभ्य, शुद्ध आणि कळवळ्याचा व्हायला लागला, तेव्हा त्या चाळण्यांनी हात टेकले. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मेल तपासूच नका, मेल घेणाऱ्याला तपासा. हा माणूस या मेलला उत्तर देईल का, एवढंच आधी ओळखा. तो कुणाला लिहितो, कुणाला टाळतो, किती वेळानं लिहितो, अक्षरं कुठल्या लयीत टाइप करतो, हे सगळं पाहून उत्तरवेध नावाची प्रणाली प्रत्येक मेलवर एक भाकीत करायची. उत्तर येणार असेल तर मेल आत सोडायचा, नसेल तर बाहेरच ठेवायचा. तिचं भाकीत सहसा चुकायचं नाही. लोकांच्या पेट्या हलक्या झाल्या, सर्व्हरची वीज वाचली, सगळे खूश.

“आणि आपले फॉर्म साइटच्या एकाच पत्त्यावरून येतात,” ऋजुता म्हणाली. “भरणारा कुणीही असो, यंत्राला वाटतं तोच एक माणूस तुम्हाला सारखा लिहितोय आणि तुम्ही त्याला इतक्या वर्षांत एकदाही उत्तर दिलेलं नाही.”

आप्पांचा चेहरा उतरला. “मी उत्तर देत नाही? मी?”

“मेलवर देत नाही.”

“अगं, फोन करतो ना मी! मेल वाचला की नंबर तळहातावर लिहितो आणि फोन करतो. जेवायला बसलो असलो तर ताटावरून उठतो. त्या नांदेडच्या पोराशी तासभर बोललो होतो. मी उत्तर देत नाही म्हणे! अक्कल आहे का त्या यंत्राला?”

“यंत्राला तुमचा फोन दिसत नाही, आप्पा! त्याला मेलच दिसतो. तुम्हाला मी सुरुवातीपासून सांगतेय, मेल आला की निदान एक ओळ लिहा, ‘मिळाला’ म्हणून. ऐकलंत कधी? माझ्या मेललासुद्धा तुम्ही फोनच करता, तोही मी मीटिंगमध्ये असताना!”

“मेलमध्ये माणसाचा आवाज कळतो का? धीर देता येतो का?” आप्पाही आता पेटले. “रक्तासाठी तडफडणाऱ्या माणसाला मी काय ‘मिळाला, आभारी आहे’ लिहू? सरकारी कचेरी आहे का ही?”

“नसू दे कचेरी! पण तुमच्या या हट्टापायी तिथं एक बाई...”

ती मधेच थांबली. आप्पांचा हात टॅबवर तसाच राहिला होता. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ऋजुताला स्वतःच्या जिभेची लाज वाटली, आणि तरीही राग काही जाईना. आप्पांचा, यंत्राचा, त्या हिरव्या ओळीचा. सगळ्यांचाच.

थोड्या वेळानं ती चहा घेऊन आत गेली. आप्पा खिडकीपाशी उभे होते.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“तुझं कशानं चुकलं? बरोबर बोललीस.” त्यांनी कप घेतला. “आता सांग, ते दार उघडायचं कसं?”

सरळ मार्ग नव्हता. थांबवलेले मेल मेलकंपनीकडे पडून होते, पण बाहेरून ते काढता येत नव्हते. पाठवणाऱ्यावरचं भाकीत बदललं तरच ते सुटणार होते, आणि भाकीत बदलायला आप्पांनी उत्तरं द्यायला हवी होती. मेलच येत नसतील तर उत्तर देणार कशाला? ऋजुताची बोटं केसांत गेली. आणि मग तिला आठवलं की असल्या कुठल्याही प्रणालीला अधूनमधून स्वतःची परीक्षा घ्यावी लागते. आपण थांबवतोय ते बरोबर आहे का, हे पाहायला उत्तरवेध थांबवलेल्यांपैकी एखाददुसरा मेल मुद्दाम आत सोडायचा. चाचपणी म्हणायचे त्याला. त्या मेलला उत्तर गेलं की भाकीत थोडं हलायचं.

“म्हणजे लॉटरीच की,” आप्पा म्हणाले.

“लॉटरीच. म्हणून तिकिटं भरपूर हवीत. तुमच्या सगळ्या दात्यांना फोन करा. म्हणावं, साइटवर जा आणि फॉर्म भरा. ख्यालीखुशाली लिहा, काहीही लिहा. जो आत येईल त्याला तुम्ही उत्तर लिहायचं. लगेच. आणि तुम्हीच. मी लिहिलं तर टाइप करण्याच्या लयीवरून त्याला कळेल.”

फोन करायचं काम म्हटल्यावर आप्पांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मंगळवेढ्याचा शकील तांबोळी, चिपळूणची एक शिक्षिका, यवतमाळचा एक कंडक्टर, सगळ्यांना फोन गेले. ऋजुतानं तोवर फॉर्म बदलला. उत्तर दिलं की ते साइटच्या मुक्या पत्त्यावर न जाता फॉर्म भरणाऱ्यालाच जाईल, अशी सोय केली. मग दोघं टॅबसमोर वाट पाहत बसली.

पहिला मेल आला तो शकीलचा. ‘सलाम चाचा, तब्येत बरी आहे, ज्वारी चांगली आहे.’ आप्पांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. ते एकेक अक्षर हुडकत होते, आणि ऋजुताला शेजारी बसून ते बघणं म्हणजे शिक्षा वाटत होती.

“आप्पा, ‘बरं आहे’ एवढंच लिहा. पुढचा येऊ दे.”

“गप गं. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते विचारायला नको?”

त्यांनी विचारलं. सविस्तर विचारलं. बटण दाबलं, आणि काही वेळानं दोन मेल एकदम आले. त्यांना उत्तरं गेल्यावर आणखी आले. आप्पांचं बोट दुखायला लागलं, मान आखडली, मधे वीज गेली तेव्हा दोघांनी मिळून वीज कंपनीचा उद्धार केला. आप्पा एकाला लिहिण्यात रमले की ऋजुता करवादायची, ती करवादली की आप्पा मुद्दाम आणखी दोन वाक्यं लिहायचे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला मात्र तिनं कारणाचं बटण परत दाबलं, तर तिथं ‘नगण्य’ नव्हतं. ‘मध्यम’ होतं.

आणि मग बांध फुटावा तसे जुने मेल धडाधड आत आले.

किती महिन्यांचे होते ते! धुळे, गोंदिया, पनवेल. ‘तातडीनं हवं आहे’ असे विषय. काहींच्या तारखा अशा होत्या की आता फोन करून काय ऐकावं लागेल या विचारानं आप्पांनी चष्मा काढून ठेवला. “देवा रे,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ऋजुतानं त्यांच्या हातून टॅब घेतला आणि अक्कलकोट शोधलं.

तीन मेल होते. एकाच माणसाचे.

‘नमस्कार साहेब. मी इरण्णा बिराजदार, तालुका अक्कलकोट. माझी पत्नी महानंदा हिचं रक्त तुमच्या गटाचं आहे असं सोलापूरला सांगितलं. बाळंतपणात दोन बाटल्या लागतील. कृपया मार्गदर्शन करावे ही विनंती.’

‘साहेब, परत लिहितोय. तुम्ही कामात असाल. डॉक्टरांनी तारीख दिली आहे. रक्ताशिवाय हात लावत नाही म्हणाले. काय खर्च असेल तो देतो, फक्त हो किंवा नाही कळवा.’

तिसरा तीन दिवसांपूर्वीचा होता. ‘उत्तर नको आता. तुमच्या साइटवर लिहिलंय, आम्ही तुमचे रक्ताचे नातेवाईक. असले नातेवाईक आमच्याकडे भरपूर आहेत.’

आप्पांनी खिशातलं पेन काढून नंबर तळहातावर लिहिला. ऋजुता काही बोलायच्या आत फोन लावलासुद्धा.

“इरण्णा, मी भूपाल मगदूम बोलतोय, सांगलीहून...”

“आता फोन करताय?” पलीकडचा आवाज फाटला होता. “परवा सिझर आहे. इतके दिवस कुठं होता? ठेवा फोन.”

त्यानं कट केला. परत लावला तर उचललाच नाही.

“काय म्हणाला?”

“परवा म्हणाला.” आप्पांनी फोन तिच्या हातात दिला. “डॉक्टरबाईंना फोन लाव. नाव सांग, दवाखाना हुडकायला सांग. शकीलला सांग तयार राहा. सकाळी निघायचं.”

सकाळी ऋजुतानं गाडी काढली. पुण्याच्या ऑफिसला तिनं एक मेल टाकला, येत नाही म्हणून, आणि तो पोहोचेल का याचा विचारही केला नाही. मंगळवेढ्याच्या फाट्यावर शकील पिशवी घेऊन उभा होता. पस्तिशीचा, किराणा दुकान चालवणारा माणूस. गाडीत बसल्या बसल्या त्यानं आप्पांचा मेल दाखवला.

“चाचा, इतकं लांब पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. अम्मीला वाचून दाखवलं.”

“बोट मोडलं माझं,” आप्पा म्हणाले, पण मनातून खूश झाले.

रस्ताभर आप्पा मागच्या सीटवर बसून काल आलेल्या मेलना उत्तरं लिहीत होते. उत्तरं थांबली की दार परत बंद होणार, हे ऋजुतानं त्यांना बजावून सांगितलं होतं. ते प्रत्येकाला आधी फोन लावत होते आणि मग मेलही लिहीत होते. एका फोनवर ते नुसतेच ऐकत राहिले, “हो, हो” म्हणाले, आणि ठेवल्यावर बराच वेळ बाहेर बघत बसले. आरशात ऋजुताला त्यांचा चेहरा दिसत होता.

रक्तपेढीच्या दारात डॉक्टर होनराव वाट बघत होत्या. “दवाखाना सापडला,” त्या म्हणाल्या. “नवऱ्याला नमुन्याची बाटली घेऊन बोलावलंय. आलाय तो. पण मगदूम, जरा सांभाळून. माणूस जळतोय नुसता.”

इरण्णा बिराजदार कॉरिडॉरच्या बाकावर बसला होता. खांद्यावर टॉवेल, डोळे तांबारलेले. आप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“इरण्णा, झालं असं की मेल...”

“मला काय सांगू नका साहेब.” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “रक्त द्यायला आला, द्या. उपकार झाले. पण मला काय सांगू नका. बायको विचारायची रोज, आला का मेल, आला का मेल. मी काय सांगत होतो तिला, तुम्हाला ठाऊक आहे का?”

आप्पा तोंड उघडून उभे राहिले. आयुष्यभर ज्या आवाजावर त्यांनी लोकांना धीर दिला तो आवाज आज कुणाला ऐकायचाच नव्हता. ऋजुतानं त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं.

आधी तपासणी झाली. आप्पांचं वय रक्त द्यायला अजून जेमतेम बसत होतं. शकील एका खाटेवर, आप्पा दुसऱ्या. आप्पांच्या उजव्या हाताच्या शिरेत सुई गेली आणि नळी लाल झाली. इरण्णानं आणलेल्या नमुन्याशी दोघांचं रक्त जुळलं, असं डॉक्टरांनी येऊन सांगितलं. उद्याच्या ऑपरेशनची काळजी मिटली होती. ऋजुताला वाटलं, आता तरी आपल्या छातीवरचं ओझं उतरायला हवं. उतरलं नाही. काचेच्या दारातून तिला बाहेर उभ्या इरण्णाची पाठ दिसत होती.

“दे गं फोन,” आप्पा म्हणाले.

“आत्ता कशाला? पडून राहा गुमान.”

“त्याला मेल लिहितो.”

“आप्पा! तो बाहेर उभाय! इथून दहा पावलांवर!”

“तोंडानं सांगितलेलं ऐकत नाहीये ना. मग? त्यानं मला तीनदा लिहिलंय. एकदाही उत्तर गेलेलं नाही. ते माझं देणं आहे.”

ऋजुतानं फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. डाव्या अंगठ्यानं आप्पा लिहायला लागले. उजव्या हाताचं बोटसुद्धा कसंबसं चालायचं, डाव्याचा अंगठा म्हणजे तर नुसता खेळखंडोबा. तिनं मदतीला हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला केला. पिशवी अर्धी भरली, पाऊण भरली, तेव्हा कुठं मेल झाला. पाठवण्याआधी त्यांनी तो तिला दाखवला.

‘इरण्णा, तुमचे तिन्ही मेल मला काल एकदम मिळाले. दोष माझा आहे. मी मेलला उत्तर लिहीत नाही, माणसाला फोन करतो, अशी माझी सवय. यंत्रानं त्यावरून ठरवलं की मला कुणाची पर्वा नाही, आणि तुमचे मेल अडवले. तुम्हालाही तेच वाटलं. तुमचं काय चुकलं? महानंदाताईंना सांगा, मेल उशिरा आला. आणखी रक्त लागलं तर माणसं बोलावलेली आहेत. त्यांना घरी नेईपर्यंत मी सोलापुरात आहे. भूपाल मगदूम.’

ऋजुतानं मान हलवली. आप्पांनी बटण दाबलं.

बाहेर काही वाजलं नाही.

दोघं कान देऊन थांबली. शकीलनंही मान वळवली. कॉरिडॉरमधून कुणाची तरी ट्रॉली गेली, कुणीतरी खोकलं. फोन काही वाजला नाही. आणि मग ऋजुताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि ती हताश झाली. इरण्णाच्या पेटीवरही उत्तरवेध बसलेलाच असणार! ‘उत्तर नको’ असं स्वतःच्या हातानं लिहिलेला माणूस. त्याच्या नावापुढं यंत्रानं आता काय लिहिलं असेल हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

“गेला नाही का गं?” आप्पांनी विचारलं.

“गेलाय. पोहोचला नाही.” तिनं दाराकडे पाहिलं. “थांबा, मीच जाते आणि वाचून दाखवते त्याला. ऐको नाहीतर न ऐको.”

ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात घातला, आणि बाहेर फोन वाजला.

ऋजुता जागच्या जागी थांबली. इरण्णानं खिशातून फोन काढला. आत्ता या क्षणी जे तिला ठाऊक होतं ते अजून इरण्णालाही ठाऊक नव्हतं. उत्तर येणार असेल तरच मेल आत सोडतात. हा माणूस उत्तर देईल, असं कुठल्यातरी दूरच्या यंत्रानं ताडलं होतं, त्यानं मेल उघडण्याआधीच. की ही नुसती चाचपणी होती? लॉटरीतलं एक तिकीट? दोन दिवस जिला शिव्या घातल्या त्या प्रणालीचं भाकीत यावेळी तरी खरं ठरू दे, असं तिला अगदी आतून वाटलं.

इरण्णानं मेल वाचला. अंगठ्यानं वर सरकवून परत वाचला. खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवला. मग भिंतीला टेकून त्यानं टाइप करायला सुरुवात केली. तोही एका बोटानंच करत होता.

खाटेवर आप्पांचा फोन थरथरला. ऋजुता धावत परत आली आणि दोघांनी एकदमच वाचलं.

‘चहा आणतो. साखर चालते का?’

आप्पांनी दाराकडे बघत हाक मारायला तोंड उघडलं. मग ते मिटलं, फोन डाव्या हातात नीट धरला आणि अंगठ्यानं सावकाश लिहिलं, ‘चालते. दोन चमचे.’